उभे पाहुणे

"बसा ना, गाशे," फिस्सेहा पुन्हा म्हणाला. सोफ्यावर पसरलेली मेक्लितची जाडजूड पुस्तकं उचलून त्याने तिघांपुरती जागाही करून दिली.

कोणीच बसलं नाही.

असेलेफेच ओट्याशी कॉफीचे दाणे भाजत होती. धुराने छतावरचा भोंगा कोकलू नये म्हणून तिने खिडकी सताड उघडली होती, तरी एक डोळा त्या भोंग्यावर होताच. आता तिने पाहुण्यांकडे पाहिलं आणि हातातला झारा थांबला. तिघेही थेट चर्चमधून आलेले, अंगावरच्या पांढऱ्या शालीसुद्धा उतरवलेल्या नव्हत्या. मध्ये काठी टेकून वुबिशेत, तिचा धाकटा दीर, ज्याला मायदेश सोडून सिल्व्हर स्प्रिंगला आलेली सगळी माणसं गाशे म्हणून मान देतात. एका बाजूला हातात क्रूस घेतलेले अब्बा नत्नाएल. दुसऱ्या बाजूला किराणा दुकानवाला झेलेके. तिच्या डाळी आणि मसाले ज्याच्याकडून येतात तोच. आज मात्र तो डाळी देणाऱ्या झेलेकेसारखा दिसत नव्हता.

सोफा रिकामा आणि माणसं उभी.

वडीलधारी माणसं अशी घरात येऊन उभी राहतात ती दोनच कारणांनी. मुलगी मागायला, नाहीतर भांडण मिटवायला. मागणं मान्य होईपर्यंत बसायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. त्यांनी आरडाओरडा करायची गरजच नसते. पांढऱ्या केसांची माणसं उभी आणि घरचे 'नाही' म्हणताहेत, हे कुठल्या घराला शोभेल? त्यांचं उभं राहणंच बोलतं.

या घरात लग्नाची मुलगी नव्हती.

मेक्लित जेवणाच्या टेबलापाशी होती. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं. फ्रिजसमोर ताठ उभी राहून ती त्याला न्यायमूर्ती महोदय म्हणत होती, मग स्वतःवरच वैतागून कागदावर काहीतरी खोडत होती. त्यापायी ती आज चर्चलाही आली नव्हती. मोठ्या उपासाचे दिवस आणि सून घरी बसून फ्रिजशी बोलते! असेलेफेच बसमधून चर्चला जाताना वाटभर धुसफुसत गेली होती. पण तो घरातला राग होता. बाहेरच्यांना त्यात वाटा नव्हता.

"मेक्लित, बाळ," वुबिशेतने सुरुवात केली. आवाज लोण्यासारखा. "तू या घरची थोरली सून. आम्ही तुझ्यापाशी मागणं घेऊन आलोय."

"आधी बसा, गाशे. कॉफी होतेच आहे."

"तू हो म्हण, मग कॉफी. तिन्ही कप घेऊ, आशीर्वादाचा शेवटचा कप घेऊनच उठू."

"पण कशाला हो म्हणू?"

"आधी हो म्हण, कशाला ते मग सांगतो," म्हणत झेलेके हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"झेलेकेदादा, आदिस अबाबाला मी आठ वर्षं न्यायाधीश होते. कागद न वाचता मी कधी सही केलेली नाही."

वुबिशेतच्या भुवया किंचित वर गेल्या. पुतण्याच्या बायकोचं हे वाक्य त्याला कधीच आवडलं नव्हतं. ती बारा वर्षं या शहरात आहे. आधी पार्किंगच्या काचेच्या पेटीत बसून पावत्या फाडल्या, मग दुसऱ्यांची तान्ही मुलं सांभाळली. तेव्हा तिने न्यायाधीशपणाचा शब्द काढला नाही. गेल्या ऑगस्टपासून मात्र, म्हणजे शहरातल्या त्या विद्यापीठात कायद्याच्या वरच्या पदवीला जाऊ लागल्यापासून, ते वाक्य तिच्या तोंडात परत आलं होतं.

"बरं, सरळच सांगतो," तो म्हणाला. "तुझ्या कॉलेजचं ते केंद्र आहे ना, गरिबांना फुकट वकील देणारं. तिथे एक प्रकरण आलंय. डॉक्टर बेफेकादूंविरुद्ध. आणि ते तुझ्या हातात आहे म्हणतात."

मेक्लितने टेबलावरचा कागद पालथा घातला.

"उद्या सकाळी कोर्टात तू बोलणार आहेस म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांना कागद आलाय, बाळ. त्याच्यावर तुझं नाव आहे. आपल्या घराचं नाव आहे! आपल्या चर्चची इमारत उभी राहतेय ती कोणाच्या जोरावर? त्या माणसाने आपल्यातल्या किती जणांना नोकरीला लावलं. तुझ्या नवऱ्याला हॉटेलच्या गाडीवर कोणी चिकटवलं, विचार त्याला."

फिस्सेहा पुस्तकं छातीशी धरून तसाच उभा होता. ती कुठे ठेवावीत हेही त्याला सुचत नव्हतं.

"तर मागणं एवढंच," वुबिशेत म्हणाला. "उद्या तू जायचं नाहीस. तब्येत बरी नाही म्हणून कळव. ते प्रकरण सोड. त्यांच्याकडे घरकामाला असलेल्या त्या पोरीचं काय ते आपण आपल्यात बसून मिटवू, जसं आपल्याकडे मिटवतात. परक्या न्यायाधीशापुढे आपल्या घरातली भांडी कशाला वाजवायची?"

"या प्रकरणाबद्दल मी बोलू शकत नाही, गाशे. घरातही नाही. तो नियम आहे."

"बघा!" वुबिशेत अब्बांकडे वळला. "बोलूसुद्धा शकत नाही म्हणते. आमच्याशी! तिच्या सासऱ्याच्या सख्ख्या भावाशी!"

"गाशे, नियम आहे तो. मी शिकाऊ असले तरी वकील म्हणूनच—"

"आम्ही काय परके आहोत?"

असेलेफेचने दाण्यांखालची आच बंद केली. काही दाणे काळे पडले होते. आज पहिल्यांदाच ती दाणे करपवत होती.

तिला सुनेचं हे शिक्षण आवडत होतं असं मुळीच नाही. चाळिशी उलटलेली बाई पाठीला पिशवी लावून रेल्वेने शहरात जाते, नाकाला नथ टोचलेल्या पोरापोरींच्या शेजारी बसते, प्राध्यापिकेला नुसत्या नावाने हाक मारते. घरात इंजेराची भाकरी विकतची यायला लागली होती, गार आणि रबरासारखी. पहिल्या महिन्यात एका प्राध्यापकाने भर वर्गात मेक्लितला विचारलं होतं, तुमच्या देशात अपिलाची कोर्टं असतात का? त्या दिवशी घरी येऊन मेक्लित न्हाणीघरात नळ सोडून रडली. असेलेफेच दाराबाहेर उभी होती आणि मनात म्हणत होती, बरं झालं, आता तरी सोडेल. सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठून तिने त्या माणसासाठी अपिलाच्या कोर्टांवर पानंच्या पानं लिहिली आणि वर्गात सगळ्यांच्या देखत त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. ही हकिकत फिस्सेहाने सांगितली तेव्हा असेलेफेच तोंड फिरवून हसली होती. कोणाला दिसू दिलं नव्हतं.

"एमाये," आता फिस्सेहा तिच्याकडे आला. मुलगा अडचणीत सापडला की आईजवळ येतो, पन्नाशीला टेकला तरी. आवाज खाली आणून म्हणाला, "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

"काय सांगू?"

"एकच तर प्रकरण आहे. दुसरं कोणीतरी करेल. तिच्या वर्गात तो ब्राझीलचा वकील आहे, चांगला आहे म्हणते."

मेक्लितने ते ऐकलं. "त्याला अम्हारिक येतं का, फिस्सेहा?"

"दुभाषी देतात ना."

"तिच्याजवळ पहिल्यांदा दुभाषी बसवला तेव्हा ती तोंडातून शब्द काढत नव्हती. कारण दुभाषी आपल्यातलाच होता आणि तो डॉक्टरांना—" मेक्लित एकदम थांबली. ओठ मिटून घेतले. बोलू नये ते बोलली होती. मग दुसऱ्याच स्वरात म्हणाली, "आणि माझं काय होईल, ते कोणी विचारलं का? केंद्राचं काम आत्ता टाकलं तर त्याचे गुण जातील. गुण गेले तर मे महिन्यातली पदवी जाईल. ती गेली तर वकिलीच्या परीक्षेला बसणं गेलं. रात्रीच्या पाळ्या तूच घेतल्यास ना वर्षभर? कशासाठी घेतल्यास?"

फिस्सेहाने मान खाली घातली. "पण उद्या माझी नोकरी गेली तर?"

"शिकू नकोस असं कोणी म्हणतंय का?" वुबिशेत म्हणाला. "पुढच्या वर्षी कर. कॉलेज कुठे पळून जातंय? मी स्वतः डॉक्टरांशी बोलेन, ते तुझ्या खर्चाचंही बघतील."

अब्बा नत्नाएल चुळबुळले. ही गोष्ट त्यांना आधी सांगितलेली दिसत नव्हती.

"काय म्हणालात?" मेक्लितने विचारलं. शब्द सावकाश आले, एकेक. आदिसमधल्या पत्र्याच्या छपराच्या त्या कोर्टात ती कशी बसत असेल ते असेलेफेचला आज पहिल्यांदा दिसलं. "गाशे, हे मी ऐकलं नाही असं समजते. माझ्या कोर्टात कोणी हे म्हणालं असतं तर मी त्याला आत टाकलं असतं."

"हे तुझं कोर्ट नाही!" वुबिशेतची काठी जमिनीवर आपटली. लोणी वितळलं होतं. "तुझं कोर्ट सुटलं, कळलं? तिकडे तू कोण होतीस ते तिकडे! इथे विमानतळावरून तुम्हाला घरी कोणी आणलं? तळघरातली खोली कोणी दिली? माझे पाय दुखताहेत, बाळ. सत्तरी झाली माझी. सकाळपासून चर्चमध्ये उभा आहे, आता तुझ्या दारात उभा आहे. तू म्हणशील तेवढा वेळ उभा राहीन. बघ, तुझ्या डोळ्यांना बरं दिसतंय का!"

आणि त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले, खांदे पाडले आणि पाय किंचित थरथरू दिले.

असेलेफेचने ते पाय पाहिले.

हे पाय तिने आधी पाहिले होते. देब्रे बिरहानला, वडिलांच्या घरात, ती सोळा वर्षांची असताना. सरकारी दवाखान्यात सुईणीचं शिक्षण घ्यायला तिची निवड झाली होती. गावातली ती पहिलीच. आईने तिच्यासाठी नवी चादर विणून घेतली होती, लाल काठाची. आणि एका सकाळी दारात चार म्हातारे येऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. वडील नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. मग त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याचे पाय थरथरू लागले. वडिलांनी त्या पायांकडे पाहिलं, एकदा पडद्यामागे पाहिलं, आणि हो म्हणाले. पडद्यामागे ती उभी होती. तीही उभीच होती, पण तिच्या पायांकडे कोणी पाहिलं नाही. लाल काठाची चादर लग्नाच्या बोचक्यात गेली. नवरा चांगला निघाला, हे खरं. म्हणून ती सकाळ चांगली ठरत नाही. ते पाय खरंच थरथरत होते की म्हाताऱ्याला ती कला अवगत होती, हे तिला पुढच्या साठ वर्षांत उमगलं नाही.

तिने झारा ठेवला. खांद्यावरची शाल काढून कमरेला घट्ट आवळून बांधली. पूर्वी दरबारात दाद मागायला जाणारे अशीच बांधत. मग ओट्याचा आधार सोडून ती दिवाणखान्यात आली आणि तिघांसमोर उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही कशाला उभ्या राहता?" वुबिशेत म्हणाला. "गुडघे आहेत ना तुमचे. बसा बघू."

"नाही बसणार. मीपण मागणं घेऊन आलेय."

"कोणाकडे?"

"तुमच्या तिघांकडे. या खोलीत सगळ्यात मोठी कोण आहे?"

तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अब्बा, तुम्ही देवाची माणसं, खोटं बोलू नका. कोण मोठं?"

"तुम्हीच, एमाये," अब्बा पुटपुटले.

"हा वुबिशेत," तिने बोट केलं, "मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पाठीवर बांधलेला असायचा. आठ वर्षांचा घोडा, पण चालायला नको. पाय दुखतात म्हणायचा तेव्हासुद्धा! झऱ्यापर्यंत पाठीवर, आणि झरा आला की उतरून पळत सुटायचा."

झेलेकेला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"वहिनी, इथे गंभीर गोष्ट चाललीय."

"मग मी काय गंमत करतेय? सून बोलू शकत नाही, तिला नियम आहे. मला नियम नाही. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते बोलते. तिम्कतच्या सणाला ती पोर चर्चमध्ये आली होती. अलेमितू. डॉक्टरांची दोन मुलं कडेवर. मी विचारलं, कुठली गं तू? कुठलं गाव? साधा प्रश्न. तिने आधी डॉक्टरांच्या बायकोकडे पाहिलं. बाईने मान हलवली, मग गावाचं नाव सांगितलं. स्वतःच्या गावाचं नाव सांगायला जिला परवानगी लागते, तिचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात असेल, ते कळायला मला कॉलेजात जावं लागत नाही."

"तो डॉक्टरांनी सुरक्षित ठेवलाय—" वुबिशेत म्हणाला.

"कोणापासून? पळून जाईल म्हणून तिच्यापासूनच ना?" असेलेफेचचा आवाज चढला. छातीत धाप लागली, पण थांबली नाही. "चार वर्षं ती त्या घरात आहे. आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, झेलेके, तुला माहीत होतं, ती तुझ्या दुकानात एकटी कधी आली का? नाही. चार वर्षांत तुम्ही तिघे एकदा तरी असे शाली पांघरून डॉक्टरांच्या दारात गेलात? 'त्या पोरीचा पासपोर्ट दे, तोवर बसणार नाही' म्हणालात? तिथे तुमचे पाय थरथरले नाहीत. तिथे तर सोफ्यात रुतून बसता, मी पाहिलंय! आणि उभं राहायला सापडली कोण? माझी सून! ती पेटीत बसून पावत्या फाडत होती तेव्हा कोणाला थोरली सून आठवली नाही."

"वहिनी, बसा. पडाल."

"पडेन तेव्हा पडेन. माझं मागणं ऐका. ही पोर उद्या कोर्टात जाईल. तुम्ही तिला अडवायचं नाही, डॉक्टरांना अडवू द्यायचं नाही, आणि माझ्या मुलाच्या नोकरीला कोणी हात लावला तर तुम्ही तिघे त्याच्या दारात असेच जाऊन उभे राहाल. हो म्हणा. तोवर मी बसणार नाही."

गुडघ्यांत सुया टोचू लागल्या होत्या. फिस्सेहाने पुस्तकं टाकून देऊन धाव घेतली आणि तिची कोपरं धरली.

"धरू नकोस," ती म्हणाली. "धरून उभं राहणं ते कसलं उभं राहणं?"

त्याने हात काढला. क्षणभर तो आईकडे, मग काकाकडे, मग मेक्लितकडे पाहत राहिला. मग आईच्या शेजारी, काकाकडे तोंड करून, तोही उभा राहिला. हात लोंबते, रात्रपाळीने सुजलेले डोळे. या घरात त्याने काकांकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

अब्बा नत्नाएलनी क्रूस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "गाशे वुबिशेत," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मला पासपोर्टचं सांगितलं नव्हतं. खर्चाचंही नाही. या नवरा-बायकोचं भांडण मिटवायला बोलावलंय असंच मला वाटलं होतं." मग ते सोफ्याकडे गेले आणि बसले. "एमाये, माझ्याकडून हो. मान्य आहे."

झेलेकेने वुबिशेतकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. "माझं दुकान आहे, एमाये. डॉक्टरांची माणसं येतात."

"माझ्याही डाळी येतात तुझ्याकडून. उद्यापासून नाही येणार."

"तसं नाही हो..." तो अब्बांच्या शेजारी टेकला, अगदी कडेला, जणू सोफा तापलेला आहे. "बरं. हो."

राहिला एकटा वुबिशेत. त्याची नजर असेलेफेचच्या पायांवर होती. ते आता चांगलेच थरथरत होते. सुती मोज्यांतून दिसत होतं.

"पाहून घे," ती म्हणाली. "हे खरे आहेत."

त्याचा चेहरा हलला. क्षणभर तिला वाटलं, बसेल. आठ वर्षांचं ते पोर कुठेतरी दिसल्यासारखं झालं. पण त्याने शाल झटकली. "माझ्या तोंडून हो येणार नाही," तो म्हणाला. "आणि या घरी मी पुन्हा येणार नाही. भावाचं वर्षश्राद्ध तुम्ही तुमचं करा."

काठी दारापर्यंत वाजत गेली, मग जिन्याच्या दिशेने. लिफ्ट होती, तरी तो जिन्याने उतरला. रागात तो लहानपणीही लांबच्या वाटेने घरी यायचा.

असेलेफेच तशीच उभी होती. श्राद्धाचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात वर न्यावा तर तोल जाईल असं वाटत होतं.

"एमाये, बसा आता," मेक्लित जवळ आली.

"कशी बसू? एकजण नाही म्हणून गेला."

"तिघांचं खंडपीठ होतं," मेक्लित म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, तरी ओठांवर हसू होतं. "दोन विरुद्ध एक. निकाल तुमच्या बाजूने लागलाय. बसा."

असेलेफेच बसली. फिस्सेहाने पायांखाली स्टूल सरकवला. दाणे पुन्हा भाजावे लागले. भोंगा एकदा ओरडलाच आणि झेलेकेने धावत जाऊन त्याच्यावर वर्तमानपत्र हलवलं. पहिला कप अब्बांनी घेतला, दुसरा असेलेफेचने.

"फ्रिजला काय सांगत होतीस सकाळपासून?" तिने सुनेला विचारलं. "आता मला सांग. मी बसलेय ना, न्यायाधीशासारखी."

"पहिलं वाक्य तेवढं म्हणते. पुढचं तुमच्यापुढे म्हणता येणार नाही."

"तेवढंच म्हण."

मेक्लित टेबलापाशी जाऊन ताठ उभी राहिली. हातातला कागद खाली ठेवला. मग इंग्रजीत बोलली. असेलेफेचला त्यातलं बरंचसं कळलं नाही. कळलं ते मधलं नाव. अलेमितू देस्ता. बापाच्या नावासकट, पूर्ण, जसं मोठ्या माणसाचं घेतात तसं. चर्चमध्ये, दुकानात, बायकांच्या घोळक्यात चार वर्षं सगळे तिला 'डॉक्टरांकडची पोर' म्हणत आले होते. असेलेफेचही तेच म्हणत होती.

अब्बांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा म्हण," असेलेफेच म्हणाली. "आणि नाव आणखी मोठ्याने. मागच्या बाकावर डॉक्टर बसलेला असेल."